पाटावरची सुरी

संशय घेण्याचा मला पगार मिळतो. सिंगापूरच्या तांजोंग पगार भागातल्या एका वित्तसंस्थेत मी इंटर्नल ऑडिटला आहे. वरून सरळ दिसणाऱ्या व्यवहारात पाणी कुठे मुरतंय ते हुडकायचं, हे माझं रोजचं काम. पण हा गुण मला नोकरीनं दिलेला नाही, तो आईकडून आलाय. आई दूध तापवण्याआधी त्याचा वास घेते आणि तापवल्यावर पुन्हा घेते. पुण्याच्या घरी कोणी पाहुणा जेवायला आला आणि "वा, काय छान झालंय" म्हणाला, की ती त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. तो गेला की म्हणायची, "छान म्हणायला काय जातं? परत मागितलं असतं तर खरं."

तर अशा आईचा हा मुलगा एका सकाळी सेरंगूनच्या आपल्या कॉन्डोत, ओट्याखालच्या कपाटात डोकं घालून नाचणीच्या पिठाचा डबा शोधत होता. वडील गेल्यावर मी आईला इकडे आणलं. गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा हलका झटका आला. हातपाय सावरले, बोलणं सावरलं, पण गिळणं अवघड होऊन बसलं, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे तिची अन्नावरची वासनाच उडाली. डॉक्टर म्हणाले, मऊ द्या, पण प्रोटीन पोटात गेलं पाहिजे. मुगाचं कढण झालं, कुस्करलेलं पनीर झालं, ताकातला भात झाला. आई दोन चमचे घ्यायची आणि तोंड फिरवायची. तिच्या पाटल्या मनगटावरून घसरत कोपराकडे जायला लागल्या. मला फार भीती वाटायची. म्हणून ऑफिसला निघण्याआधी मी स्वतः नाचणीचं सत्त्व शिजवून तिच्याजवळ ठेवून जायचो. दुसऱ्या कुणाच्या हातच्या सत्त्वावर माझा भरवसा नव्हता.

डबा काही सापडला नाही. चकलीच्या सोऱ्यामागे जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी लांबट हाताला लागलं. उघडलं तर लाकडी म्यान, आणि म्यानात सुरी. हातभर लांब, जेमतेम दोन बोटं रुंद, टोकाला निमुळती. धार एकाच बाजूनं लावलेली, दुसरी बाजू अगदी सपाट. पात्यावर जपानी अक्षरं कोरलेली. आमच्या घरात भाजीच्या दोन सुऱ्या होत्या, आणि आईनं पुण्याहून हट्टानं सामानात घालून आणलेली विळी. ही कुठून आली? आणि आली तर आली, सोऱ्यामागे का?

सरळ माणसानं बायकोला हाक मारून विचारलं असतं. मी सुरीचा फोटो काढला आणि ती होती तशी गुंडाळून ठेवली.

ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावर एक सिंगापुरी चिनी बाई बसते. खाण्यापिण्यातलं तिला सगळं कळतं. तिनं फोटो मोठा करून पाहिला.

"वा! धिस वन साशिमी नाइफ लाह. रॉ फिश कापायला. व्हेरी गुड वन, यू नो. युअर वाइफ गॉट न्यू हॉबी, आह?"

ती हसली. मला हसू आलं नाही.

कच्चा मासा, आणि तोही आमच्या घरात! माझी बायको मालवणकडची. लग्नाआधीच आमचं ठरलं होतं की बाहेर तिनं खुशाल मासे खावेत, घरात आणू नयेत. ती हॉकर सेंटरवर, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, फिश सूप खायची, मी समोर बसून इडली खायचो, आणि आमचा संसार उत्तम चालला होता. हा नियम आईनं घातलेला नव्हता, मी घातला होता. लहानपणी शेजाऱ्यांकडे मी तळलेल्या माशाची एक तुकडी मिटक्या मारत खाल्ली होती. आईला वासावरूनच कळलं. ती रागावली नाही, हात उचलला नाही. मला आंघोळ घातली आणि स्वतः दिवसभर उपाशी राहिली. संध्याकाळी मी ताट वाढून तिच्यापुढे नेलं, रडलो, शपथ घेतली, तेव्हा कुठे तिनं घास उचलला. त्यानंतर मी माशाला कधी शिवलो नाही.

सुरी कोणाची हे कळायला मला फार वेळ लागला नाही. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक जपानी गृहस्थ भाड्यानं राहत होते. वयानं माझ्याएवढेच, पण पोट अजिबात नाही. एकदा मी ऑफिसातून येत होतो, तर ते लिफ्टपाशी उभे राहून हवेत हात फिरवत होते, लांबून स्वतःकडे ओढून घेतल्यासारखा. माझी बायको मन लावून बघत होती. मी दिसताच दोघं थांबले. पुढे त्यांची बदली झाली आणि ते गाशा गुंडाळून जपानला परत निघाले. त्या दिवशी मी दाराच्या भिंगातून बाहेर बघत होतो. का बघत होतो ते विचारू नका. बायकोनं दोन्ही हातांनी त्यांना काहीतरी दिलं. एक डॉलरचं नाणं होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कमरेत वाकले, तीही वाकली आणि दोघं हसले. एका डॉलरचा कसला व्यवहार? तेव्हा मी ते मनात ठेवून दिलं होतं. आता सोऱ्यामागची सुरी सापडल्यावर ते नाणं मला दिवसरात्र दिसायला लागलं.

ऑडिटवाल्याला पुरावा लागतो. मी गुंडाळलेल्या टॉवेलच्या घडीत एक मोहरीचा दाणा ठेवला. संध्याकाळी आलो तर दाणा नाही. दुसरा ठेवला, तोही गेला. मी आठवड्यातून दोन दिवस घरून काम करतो, त्या दिवशी मात्र दाणा जागच्या जागी. म्हणजे सुरी बाहेर निघत होती ती मी घरात नसतानाच. त्यात आणखी एक गोष्ट. जिला उदबत्तीच्या धुरानं शिंका येतात ती माझी बायको हल्ली दुपारी उदबत्ती लावायला लागली होती. मी घरात शिरलो की खिडक्या सताड उघड्या आणि ओट्याला लिंबाचा वास. मध्ये तिच्या डाव्या हाताच्या बोटाला चिकटपट्टी होती.

"काय झालं?"

"भाजी चिरताना लागलं."

"कुठली भाजी?"

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "भेंडी," ती म्हणाली. त्या दिवशी घरात दुधीची भाजी होती.

मी मनाशी हिशेब मांडला. ती मासे कापते, पण स्वतःसाठी नाही. स्वतःला खायचे तर ती बाहेर राजरोस खाते, लपवायचं कारण नाही. ती घरूनच नोकरी करते, त्यामुळे दुपारी घरात ती आणि आई. आईचा तर प्रश्नच नव्हता. म्हणजे कोणीतरी येत होतं. जपानी खरंच जपानला गेला का, असंही एकदा डोक्यात आलं, पण शेजारी नवीन कुटुंब आलं होतं आणि त्यांच्या पोरांच्या सायकली दारात पडलेल्या असायच्या. आईला आडून विचारून पाहिलं.

"दुपारी कोणी येतं का गं?"

"कोण येणार बाबा? मला मेलीला आताशा दिसतंय कुठे धड," आई म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. ज्या बाईला समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणाचे कपडे वाळताहेत ते दिसतं, तिला हे दिसत नव्हतं! बायकोनं आईलाही फितवलं, असं मी धरून चाललो. मला राग कमी आला आणि वाईट जास्त वाटलं. इतक्या वर्षांत आमच्यात एकमेकांपासून दडवण्यासारखं काही नव्हतं, निदान माझी तशी समजूत होती.

एक गोष्ट मात्र चांगली चालली होती. आईच्या पाटल्या पुन्हा मनगटावर थांबायला लागल्या होत्या. गालांवर थोडं मांस आलं होतं. डॉक्टर खूश, मी तर त्याहून खूश. माझ्या नाचणीच्या सत्त्वाची कृती मी ऑफिसात दोघांना दिली.

मग नवरात्र बसलं, आणि दाणा हलायचा थांबला. मी ऑफिसात असलो काय, घरी असलो काय, मोहरी जागची हलेना. यावर मी असा निष्कर्ष काढला की येणारा माणूस नवरात्र पाळतो, म्हणजे तो हिंदू आहे, बहुधा आपल्यापैकीच. आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते, पण तेव्हा मी महाराष्ट्र मंडळातले ओळखीचे चेहरे एकेक करून डोळ्यांपुढे आणत होतो. त्याच दिवसांत आईच्या पाटल्या पुन्हा सैल झाल्या. ते मी उपासावर घातलं.

खंडेनवमीला ऑफिस होतं. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. पुण्यात वडील पान्हे, करवत, हातोडी मांडायचे. इथे आई पाटावर विळी, कात्री, स्क्रू ड्रायव्हर आणि माझा घरचा लॅपटॉप मांडते. संध्याकाळी घरात शिरलो, हातपाय धुऊन देवापुढे नमस्काराला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. विळीच्या शेजारी ती सुरी होती. म्यानातून काढलेली, पात्यावर हळदकुंकवाची ओली बोटं, मुठीपाशी झेंडूचं फूल.

माझं डोकंच फिरलं.

"ही इथे कोणी ठेवली?"

बायको आतून आली. सुरीकडे नजर जाताच तिचा चेहरा उतरला. "मी दिवसभर मीटिंगमध्ये होते," ती पुटपुटली.

"नाटक पुरे. सोऱ्यामागची सुरी आहे ही. माशाची! त्या जपान्यानं दिलेली. मला सगळं माहीत आहे."

"तू कपाटं तपासतोस?"

"दुपारी कोण येतं ते सांग."

"येतं? कोण येतं?"

"मग कापतेस कोणासाठी?"

तिनं एकदा आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, सापडली. मी आवाज चढवला. "बोल ना! आईच्या देवांपुढे माशाची सुरी ठेवायला हात कसा धजावला तुझा?"

"तिला काही बोलू नकोस," खुर्चीतून आई म्हणाली. "मी ठेवलीय."

मी वळलो. आई माझ्याकडे बघत नव्हती, देवांकडे बघून बोलत होती.

"तुला कळणार नाही असं वाटलं मला. सुरीसारखी सुरी. खंडेनवमीला काय पुजायचं ते मीच शिकवलं ना तुला? ज्याच्यावर आपलं पोट चालतं ते. तुझं त्या लॅपटॉपवर चालतं, तो पुजला. माझं हिच्यावर चाललंय."

पुढचं बायकोनं सांगितलं, तेही आईनं मान हलवून परवानगी दिल्यावर. एकदा डॉक्टरकडून येताना दोघी हॉकर सेंटरवर थांबल्या होत्या. बायकोनं स्वतःसाठी माशाची पेज घेतली होती. इथे बटांग म्हणतात ती आपली सुरमई. तिच्या पातळ चकत्या गरमगरम पेजेत टाकतात आणि त्या वाफेनंच शिजतात. सकाळपासून पाण्यापलीकडे काही न घेतलेली आई म्हणाली, "दे बघू चमचाभर." आणि अर्धा वाडगा संपवला. टॅक्सीत बसताच तिनं सुनेला गळ्याची शपथ घातली, त्याला कळता कामा नये म्हणून.

घरी पेज जमली, पण भाजीच्या सुरीनं मासा फाटायचा. एकदा त्यातला धागा आईच्या घशात अडकला आणि ती लालबुंद होईपर्यंत खोकली. खोकला ऐकून शेजारचे जपानी गृहस्थ धावत आले. मासा कागदासारखा पातळ कसा काढायचा, सुरी करवतीसारखी न चालवता एकदाच लांब कशी ओढायची, ते त्यांनी दाखवलं. जाताना आपली सुरीच देऊन गेले. सुरी फुकट दिली तर मैत्री तुटते असं ते म्हणाले, म्हणून तो डॉलर. उदबत्ती आणि लिंबू माझ्या नाकासाठी होतं.

"आणि माझं सत्त्व?" मला दुसरं काही सुचेना.

"ते माझ्यानं गिळवत नव्हतं रे," आई म्हणाली.

"मी प्यायचे," बायको म्हणाली. "मला अजिबात आवडत नाही. पण तू पहाटे उठून करायचास."

मी जे जे मनात आणलं होतं ते तिला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. 'कोण येतं' या दोन शब्दांत तिला सगळं कळलं होतं, आणि त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही. ते माझ्या वाट्याला यायलाच हवं होतं.

पूजेतली हत्यारं दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. दुसऱ्या दिवशी पाट उचलला तेव्हा सुरीवर जिथे जिथे ओलं कुंकू लागलं होतं तिथे तिथे तांबूस गंज चढला होता. बायको हळहळली. "हिला पाण्याचा थेंब सोसत नाही. दर वेळी पुसून तेल लावून ठेवते मी." आईचं तोंड एवढंसं झालं. मग बाटलीचं बूच आणि भांडी घासायची पूड घेऊन आम्ही दोघं बेसिनपाशी उभे राहिलो. मी मूठ धरली, तिनं पातं घासलं. अबोला तिथे सुटला, कारण तिला म्हणावंच लागलं, "बोटं सांभाळ." गंज गेला, एक डाग राहिला.

दसरा झाला. तिसऱ्या दिवशी बायकोनं उघडपणे सुरमई आणली, पेज केली आणि आईपुढे ठेवली. आईनं वाडगा हातानं लांब सारला.

"नको. पुरे झालं ते."

त्या दिवशी तिनं दोन चमचे वरणभात घेतला. दुसऱ्या दिवशीही तेच. मी खोलीत आलो की ती भिंतीकडे वळायची. जिनं मला आंघोळ घालून शुद्ध केलं होतं तिला माझ्यासमोर तोंड दाखवायचं जड जात होतं. मी पलंगावर बसून म्हणालो, "आई, खा गं. मला चालतं."

"चालतं म्हणायला काय जातं?" भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली.

पाटल्या कोपराकडे निघाल्या. ओट्यापाशी बायको मला हळूच म्हणाली, "तुला फक्त कळायला नको होतं. एवढंच होतं रे." यात ओरडा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. इतके दिवस घरात एक गोष्ट सुरळीत चालली होती, आणि मोहऱ्या ठेवून ठेवून मी ती बंद पाडली होती.

शनिवारी मी बायकोला म्हणालो, "तीन वाडगे कर."

"तिसरा कोणाला?"

"मला."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिसरा वाडगा काढला. मी आईला धरून टेबलाशी आणलं. तिच्या देखत सुरी म्यानातून निघाली. एक लांब ओढ, एक चकती. पुन्हा ओढ, पुन्हा चकती. गुलाबीसर कच्च्या चकत्या वाडग्यांच्या तळाशी मांडल्या गेल्या, त्यांच्यावर उकळती पेज पडली आणि त्या पांढऱ्या झाल्या. वरून आल्याची चिमूट, मीठ, तुपाचा थेंब. तिन्ही वाडगे टेबलावर आले. आईनं आपल्या वाडग्याला हात लावला नाही.

मी चमचा तोंडात घातला. पहिला घास घशाशी येऊन थांबला. सगळं लहानपण तिथे दाटून आलं आणि मला वाटलं, आता उलटणार. मी गिळला. दुसऱ्यात आलं लागलं, तूप लागलं, आणि त्यामागून एक गोडसर, मऊ चव, जी मला ओळखीची वाटली याचंच नवल वाटलं. आई एकटक माझ्या तोंडाकडे बघत होती, अगदी पाहुण्यांकडे बघायची तशी.

"नाटक करतोयस."

"नाही गं. छान झालंय."

शब्द तोंडातून गेले आणि चूक कळली. आईनं मान फिरवली. बायको चमचा हातात धरून तशीच थांबली होती.

मी खात राहिलो. खाली वाकून, एकही शब्द न बोलता, तळाशी चिकटलेली शेवटची चकती चमच्यानं खरवडून घेतली. मग रिकामा वाडगा बायकोपुढे धरला.

"अजून आहे का? वाढ."

आईनं वाडग्यात डोकावून पाहिलं. तो खरंच रिकामा होता. माझ्या तोंडाकडे पाहिलं, परत वाडग्याकडे पाहिलं.

"तिच्यासाठी उरतंय का ते बघ आधी, हावरटा," ती म्हणाली, आणि तिनं चमचा उचलला.